न्योमात गाडी तापवताना

लेहच्या पंपावर आमची गाडी चालवणाऱ्या आचोनं आधी भाव विचारला नाही. "सर्दीवालंच आहे ना?" एवढंच विचारलं. पंपावरच्या मुलानं मान डोलावली, तेव्हा त्यानं टाकीचं झाकण उघडू दिलं आणि टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. जानेवारीचा मधला आठवडा, सकाळचे साडेआठ. पारा उणे चौदाच्या आसपास. ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये या दिवसांत याला कडक थंडी म्हणत नाहीत. आम्हाला जायचं होतं त्याहून वर, सिंधूच्या काठाकाठानं न्योमाला. तिथं आचोच्या बहिणीचं घर आहे. हौद्यात पिठाची पोती होती, गुरांसाठी वैरणीच्या गासड्या होत्या, गॅसचे सिलिंडर होते, आणि पुढं त्याच्या शेजारच्या सीटवर मी. गाडी डिझेलचा पिकअप, ज्याला लडाखमध्ये सगळे नुसतं कॅम्पर म्हणतात.

वाटेत मी त्या "सर्दीवाल्या" डिझेलबद्दल विचारत राहिले आणि आचो सांगत राहिला. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. त्याआधी इथले ड्रायव्हर डिझेलमध्ये रॉकेल ओतायचे. त्यानं डिझेल पातळ राहायचं खरं, पण रॉकेलला डिझेलची स्निग्धता नसते, आणि इंजेक्शन पंपाला आतून वंगण मिळतं ते डिझेलचंच. एक हिवाळा निभावायचा आणि उन्हाळ्यात पंप खोलायला न्यायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. हे हिवाळी डिझेल तयार होतं पानिपतच्या रिफायनरीत. ते ऐकून मी थोडा वेळ गप्प बसले. १७६१ च्या जानेवारीत उपासमारीनं आणि उत्तरेतल्या थंडीनं पोळलेलं मराठी लष्कर जिथं उभं राहिलं, त्याच पानिपतातून थंडीत न गोठणारं इंधन आज हिमालयात चढतं. इतिहासाचा आणि तेलाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरीही पानिपत हे नाव मराठी माणसाच्या कानावरून सहज ओघळून जात नाही.

साधं डिझेल थंडीत नेमकं काय करतं, हे समजायला आपल्या घरातली खोबरेल तेलाची बाटली पुरेशी आहे. दिवाळीच्या पहाटे ती जशी आधी गढूळ होते, मग कडेनं पांढरी धरते आणि शेवटी घट्ट बसते, तसंच डिझेलचं. त्यात विरघळलेलं मेण असतं. थंडी वाढली की त्या मेणाचे बारीक स्फटिक होतात. टाकीतलं डिझेल हलवून पाहिलं तर पातळच वाटतं, पण ते स्फटिक डिझेल फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतात आणि वाट बंद करतात. म्हणून अशी गाडी बहुधा सुरू होते, नळ्यांतलं आणि फिल्टरमधलं होतं तेवढं डिझेल पिते, आणि शे-दोनशे मीटरवर मरते. इंजिन बिघडलं असं वाटतं. खरं म्हणजे ते उपाशी असतं.

कारू गेलं, उपशी गेलं. उपशीला मनालीचा रस्ता उजवीकडं फुटतो. तो हिवाळ्यात बंद. आपण सिंधू धरून सरळ जायचं. या वाटेवर न्योमापर्यंत एकही खिंड चढावी लागत नाही, म्हणून हिवाळ्यात चांगथांगच्या पठाराशी संबंध राहतो तो याच रस्त्यानं. नदी दोन्ही कडांनी गोठलेली, मधून हिरव्या काचेसारखी धार. सीमा सडक संघटनेच्या 'हिमांक'च्या पिवळ्या पाट्या, लाल-जांभळे कडे, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत. नदीच्या बर्फाशेजारी जमिनीतून वाफा उठत होत्या. तिथं चहा घेताना आचोनं इंजिन बंद केलं, पण गाडीचं तोंड उन्हाकडं करून. आधी मला वाटलं सहज लावली असेल. पुढं लक्षात आलं, दिवसभरात तो कुठंही थांबला तरी गाडीचं तोंड सूर्याकडं असे.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. थंडीच्या पहाटे डेपोत एकामागून एक इंजिनं उठायची, त्या आवाजावर आमचं घर जागं व्हायचं. 'सेल्फ', 'चेंबर', 'रेस', 'एअर धरली' हे शब्द मी शाळेआधी शिकले. त्यामुळं आचोचं आणि माझं लवकर जमलं. पण नाशिक-साताऱ्याच्या थंडीतलं माझं ज्ञान न्योमाच्या अंगणात अपुरं होतं, आणि ते वाढवायला मी आनंदानं तयार होते.

न्योमा ४,१८० मीटरवर आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. पोती उतरवून झाली, आणि मग आचोनं जे केलं ते पाहिल्यावर मला पटलं की या मुलखात गाडी सकाळी सुरू होत नाही, आदल्या संध्याकाळी सुरू होते.

आधी तो अंगणात फिरला. पूर्वेच्या डोंगरावरून पहिलं ऊन कुठं पडतं, वारा कुठून येतो, हे बहिणीला विचारलं. मग भिंतीच्या आडोशाला, तोंड पूर्वेला करून कॅम्पर लावला. लगेच बंद केला नाही. मिनिटभर तसाच धडधडू दिला, टर्बो निवावा म्हणून. हँडब्रेक ओढला नाही. वाटेत पाण्यातून, बर्फाच्या चिखलातून आलो होतो. ओल ब्रेक लायनरला धरते, रात्री गोठते, आणि सकाळी चाक सुटत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि चाकामागं दगड लावला. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेलं पाणी सोडून दिलं, कारण डिझेल न गोठणारं असलं तरी त्यातलं पाणी शून्यालाच गोठतं. टाकी लेहला गळ्यापर्यंत भरली होती तीही याचसाठी. रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ टाकीच्या पत्र्यावर धरते आणि तेच पाणी तळाशी उतरतं. मग बॉनेटवर याकच्या केसांचं जाड घोंगडं टाकलं, इंजिन गरम असतानाच. घोंगडं ऊब निर्माण करत नाही. असलेली धरून ठेवतं. गार झालेल्या इंजिनावर ते टाकून उपयोग नाही.

शेवटी त्यानं बॅटरी सोडवली आणि उचलून घरात नेली. घर तापवणाऱ्या शेगडीपासून, बुखारीपासून लांब, आतल्या भिंतीशी ठेवली. या एका गोष्टीचं महत्त्व आपल्याकडं फारसं कुणाला वाटत नाही. बॅटरीतून वीज येते ती रासायनिक क्रियेनं, आणि थंडीत ती क्रियाच मंदावते. उणे वीसच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑईल घट्ट झालेलं असतं आणि सेल्फला दुप्पट जोर हवा असतो. शिवाय भरलेल्या बॅटरीतलं आम्ल पन्नास-साठ अंश उणेपर्यंत तग धरतं. उतरलेल्या बॅटरीत मात्र बहुतेक पाणीच उरतं, आणि ते उणे दहाच्या अलीकडं-पलीकडं गोठून बॅटरीचा डबा फोडू शकतं.

रात्री थुक्पा झाला, गुरगुर चहा झाला. बुखारीत शेणकुटं धुमसत होती. आचोचे मेव्हणे जुन्या दिवसांचं सांगू लागले. कूलंट मिळत नसे तेव्हा ट्रकवाले रात्री रेडिएटरचं सगळं पाणी बादलीत काढून ठेवत. सकाळी ते चुलीवर तापवून परत ओतायचं. एखादा कंटाळून झोपला तर सकाळी इंजिनाचा ब्लॉक तडकलेला. ऑईलच्या चेंबरखाली शेगडी सरकवायची, डिझेलच्या नळ्यांवर ब्लो लॅम्पची ज्योत फिरवायची, हे तर रोजचंच. त्या ज्योतीनं पेटलेला एक ट्रक त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तो भाग सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

एडमंटनला असलेल्या माझ्या भाचीच्या घराबाहेर मी वेगळीच तऱ्हा पाहिली होती, ती मी त्यांना सांगितली. कॅनडात गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेच्या प्लगची वायर लोंबत असते. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये छोटा हीटर बसवलेला असतो. रात्री गाडी सॉकेटला जोडायची की कूलंट कोमट राहतो. ऑफिसांच्या पार्किंगमध्येसुद्धा खांबाखांबावर सॉकेट. तिथले मोठमोठे डिझेल पिकअप उणे तीसच्या सकाळी तक्रार न करता उठतात ते त्या हीटरच्या जोरावर. मेव्हण्यांनी शांतपणे ऐकलं आणि वरच्या दिव्याकडं बोट केलं. दिवा सौरबॅटरीवर मिणमिणत होता. वीज संध्याकाळीच गेली होती. अंगणात जे घडलं ते सगळं विजेवाचून करायचं होतं, म्हणून इतकं निगुतीनं.

मला झोप उशिरा लागली. पडल्या पडल्या मनात डिझेल इंजिनाचाच विचार होता. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं सगळं मर्म दाबलेल्या हवेत आहे. सिलिंडरभर हवा सोळाव्या-अठराव्या हिश्शात चेपायची, ती पाचशे अंशांपलीकडं तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिन सुरू होण्यासाठी लागणारी आग बाहेरच्या हवेतूनच काढायची असते. ती हवाच जर उणे पंचवीस असेल? पुण्यातल्या पंचवीस अंशांच्या दुपारपेक्षा सुरुवातच पन्नास अंश खालून होते, आणि चेपल्यावर ती पन्नासाची तूट सव्वाशे-दीडशे अंशांची होते. वर सेल्फ सावकाश फिरतो, त्यामुळं चेपलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते. थंडगार सिलिंडर उरलेली ऊब शोषून घेतो. आणि न्योमाला हवेचा दाब समुद्रकाठाच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चेपायला हवाच कमी. इतकं सगळं विरुद्ध असताना ते इंजिन पेटतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सकाळी थर्मामीटर उणे चोवीस दाखवत होता. आचोनं घाई केली नाही. आधी ऊन बॉनेटवर येऊ दिलं. बहिणीनं बुखारीवरची किटली दिली. ते पाणी त्यानं इंजिनावर ओतलं नाही, कारण थंड धातूवर उकळतं पाणी पडलं तर तडा जातो. जुन्या गोणपाटाचे तुकडे गरम पाण्यात पिळून डिझेल फिल्टरभोवती आणि नळीभोवती गुंडाळले. सर्दीवालं डिझेल असताना याची गरज नव्हती. मी तसं म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "दीदी, गरज नाही म्हणून सोडलं आणि नेमकं त्याच दिवशी अडलो, तर इथं कोण येणार?" मग बॅटरी जोडली. उबदार बॅटरी.

चावी एक खटका फिरवली. डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागला. ते हीटर प्लग. प्रत्येक सिलिंडरमधली ती बारीक सळई काही सेकंदांत लालबुंद होते, आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाते, आणि दाबलेल्या हवेत जी तूट असते ती भरून काढते. दिवा विझला. आचोनं सेल्फ मारला नाही. चावी मागं घेतली आणि हीटर पुन्हा एकदा लावले. मग क्लच पूर्ण दाबला, गिअरबॉक्समधलं घट्ट ऑईल घुसळायचं ओझं सेल्फवर पडू नये म्हणून, आणि चावी फिरवली.

घर्र... घर्र... घर्र. सावकाश, जड. दहा सेकंदांत सोडून दिलं. अर्धा मिनिट वाट पाहिली, सेल्फ जळू नये आणि बॅटरीनं दम घ्यावा म्हणून. पुन्हा हीटर, पुन्हा सेल्फ. या वेळी एका सिलिंडरनं पकडलं. मग दुसऱ्यानं. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, डोळ्यांना झोंबणारा. तो न जळलेल्या डिझेलचा. सगळी गाडी थरथरत होती, इंजिन खडखडत होतं. अशा वेळी पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. आचोचा पाय हलला नाही. ऑईल अजून काकवीसारखं... नव्हे, त्याहून घट्ट होतं. वरच्या रॉकरपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. त्याआधी रेस दिली तर धातूवर धातू घासतो. ऑईलच्या डब्यावरचा 'डब्ल्यू'चा आकडा याचसाठी बघायचा. १५डब्ल्यू ऑईलची थंडीतली परीक्षा उणे २० अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला. महाराष्ट्रात उत्तम चालणारं १५डब्ल्यू-४० इथं जानेवारीत चालत नाही. आचो ऑक्टोबरातच ऑईल बदलतो.

धूर विरळ झाला, चारही सिलिंडर एका लयीत आले. पाचेक मिनिटं झाली. मला वाटलं आता अर्धा तास असंच तापवणार. पण त्यानं दगड काढला आणि गाडी हलवली. उभ्या गाडीत डिझेल इंजिन तापत नाही, हे मला तोवर ठाऊक होतं पण इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. उभं असताना ते इतकं कमी इंधन जाळतं आणि इतकी थंड हवा ओढतं की काटा जागचा हलत नाही. उलट अर्धवट जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून चेंबरमध्ये उतरतं, ऑईल पातळ करतं, काजळी धरते. हलकं काम दिलं की ते लवकर तापतं. आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत निघालो. टायर रात्रभर एकाच जागी दबून चपटे झाले होते. धब्-धब् आवाज येत होता. गिअर दांडा हाताला विरोध करत होता, स्टिअरिंग जड, पाटे लाकडासारखे. आपण इंजिन तापलं की गाडी तापली म्हणतो. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंगांतलं ग्रीस, हे सगळं त्यानंतर कितीतरी किलोमीटरांनी मऊ होतं. तोवर आचो तिसऱ्याच्या वर गिअर टाकणार नव्हता.

पण आम्ही फार पुढं गेलो नाही. गावाच्या टोकाला महाराष्ट्राच्या नंबरची एक डिझेल एसयूव्ही बॉनेट उघडून उभी होती. चार मुलं. मराठी ऐकताच त्यांचे चेहरे उजळले. "काकू, गाडी सुरू झाली आणि इथं येऊन बंदच पडली!" डिसेंबरात झोजीला खिंड उघडी मिळाली तेव्हा ते वर आले होते. आदल्या संध्याकाळी टाकी अर्ध्यावर आली म्हणून त्यांनी सोबतचा कॅन ओतला होता. कॅन कुठं भरला? पठाणकोटला. मैदानी भागातल्या डिझेलला उणे तापमान ठाऊकच नसतं. भारतीय मानकाप्रमाणं हिवाळ्यातही ते अधिक सहा अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं तरी चालतं. टाकीतल्या चांगल्या डिझेललाही त्यानं बिघडवलं होतं.

एक जण कॅम्पिंगचा गॅस स्टोव्ह पेटवून टाकीखाली सरकवायच्या बेतात होता. आचो गाडीतून उतरून जवळजवळ धावला आणि स्टोव्ह बंद केला. रागावला नाही. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली आणि काळ्या पत्र्याच्या शेडसमोर, थेट उन्हात, वाऱ्याच्या आडोशाला लावली. जवळच्या घरातून गरम पाणी आलं. फिल्टरवर पुन्हा तेच गोणपाट, निवलं की बदलायचं. आचोनं आपल्या कॅनमधलं हिवाळी डिझेल त्यांच्या टाकीत ओतलं. मग बसून राहायचं. लडाखचं ऊन हिवाळ्यातही प्रखर असतं, सावलीत उणे पंधरा असताना काळ्या धातूला हात लावला तर ऊब लागते. अकरा वाजून गेल्यावर फिल्टरमधून डिझेल वाहायला लागलं. हातपंपानं हवा काढली, आणि दुसऱ्या सेल्फला गाडी उठली.

वाट पाहताना त्यांच्यातला एक सहज म्हणाला की रात्री इंजिन चालू ठेवून गाडीतच झोपायचं ठरवलं होतं, म्हणजे गाडीही गरम आणि आपणही. ते झालं नाही कारण गेस्टहाऊसच्या बाईंनी हट्टानं आत झोपवलं. मी त्याला २०२२ च्या जानेवारीतलं पाकिस्तानातल्या मरीचं सांगितलं. बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये तिथं एका रात्रीत वीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यांतल्या कित्येकांचा घात थंडीपेक्षा सायलेन्सरच्या विषारी वायूनं केला असं समोर आलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गुदमरतोय हे झोपलेल्याला कळतही नाही.

हल्ली हिवाळ्यात स्वतःची डिझेल गाडी घेऊन लडाख-स्पितीला जाणारे मराठी लोक वाढले आहेत, आणि जावंच, तो मुलूख हिवाळ्यातच खरा दिसतो. फक्त खालचं डिझेल कॅनमध्ये भरून वर नेऊ नका. निघण्याआधी ऑईल, कूलंट आणि बॅटरी एका जाणत्या मेकॅनिकला दाखवा. गाडीला ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारा द्राव) लागत असेल तर ते उणे अकराला गोठतं, हे लक्षात ठेवा. स्थानिक ड्रायव्हर संध्याकाळी काय करतात ते बघा आणि तसंच करा. आणि थंडी कितीही असो, बंद शेडमध्ये इंजिन तापवू नका, चालू इंजिनाच्या गाडीत झोपू नका. दार ठोठावा. लडाखमध्ये रात्री दार ठोठावणाऱ्याला आत घेतात.